पती : नारायण पेठ

गणपती गेले की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मांडवाच्या खांबांचे खड्डे उरतात. दोन-चार दिवस त्यांत पाणी साचतं, मग कुणीतरी त्यात वीट टाकतं, आणि एव्हाना पक्ष सुरू झालेला असतो. पुण्याच्या कडेला आमच्या मांजरी गावात या दिवसांत हवेला उसाच्या ओल्या पानांचा वास असतो. पूर्वी इथे चहूकडे ऊसच होता. आता इमारतींच्या मधे, जी जमीन विकायची राहिलीय तेवढ्यात आहे. वास मात्र पूर्वीइतकाच येतो. ऊन पावसानं धुतलेलं आणि तरी चिकट. दुपारी एकेका मजल्यावरून वडे तळल्याचा वास जिन्यात उतरतो. कुठे खीर, कुठे आमसुलाची चटणी. ज्या घरातून वास येतो त्या घरी आज कुणीतरी जेवायला येणार असतं, आणि येणार नसतं.

परवा गुरुजींचा मेसेज आला : ‘महालयासाठी नावे पाठवणे. मागील वर्षापेक्षा भर असल्यास कळवणे.’

भर! पुण्यातले गुरुजी दुःखाचासुद्धा असा कार्यालयीन मसुदा करतात की रडायच्या आधी माणूस उत्तर टाइप करायला लागतो. यंदा भर एकच. मालूआत्या. नाव टाइप केलं आणि बोट तिथेच थांबलं, कारण मालूआत्याचं नाव एखाद्या यादीत नीट बसवणं हे काम मी एकदा केलेलं आहे. अशाच एका पितृपंधरवड्यात. आणि त्या कामात मी तिचं लग्न लावून दिलं होतं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, ते लवकर संपतं. मी एका कंपनीत जुन्या सर्व्हरांची देखभाल करतो. माझं वय आता असं आहे, की ‘लग्न का केलं नाहीस?’ असं विचारणारी मंडळी एकेक करून तर्पणाच्या यादीत जाऊन बसलीत. माझ्या कामाला खिडक्या, चित्रं, माऊस काही लागत नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. आपण हुकूम टाइप करायचा, यंत्रानं तो पाळायचा. ज्यांच्या घरात हुकूम ऐकायला कुणी नसतं त्यांना हे काम फार मानवतं. संध्याकाळी कुलूप उघडून मी घरात येतो तेव्हा मी काय बोलतो याची वाट बघत थांबणारा तो कर्सर हा घरातला एकमेव जीव.

तर आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या माणसांची पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ छापलेलं जाडजूड पुस्तक. पुण्यात बऱ्याच कपाटांत ते असतं. कुणी वाचत नाही, पण आपलं नाव असलेलं पान तेवढं मळलेलं असतं. समितीचे प्रमुख बापूकाका, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सरकारी कचेरीत आयुष्य टाइपरायटरवर काढलेलं. त्यांनी सगळ्या कुळाची माहिती जमवली आणि कॉम्प्युटरवर एकट्यानं टाइप केली. क्रमांक, नाव, वडील, पती अथवा पत्नी, अपत्ये, वास्तव्य. एका ओळीत एक माणूस.

“यातनं छापायचा मजकूर तयार करायचा,” फाइल माझ्या हवाली करताना काका म्हणाले. “घटस्थापनेला छापखान्यात गेली पाहिजे. पक्षात तुला दुसरं काम काय असणार? पक्ष नसतानाही नसतं म्हणा.”

फाइल उघडली तर डोळ्यांचं पारणं फिटावं असे रकाने! एकाखाली एक, ओळंब्यात बांधल्यासारखे. मी विचारलं, “काका, हे कशात केलंत?”

“कशात म्हणजे? स्पेसबारनं. रकाना सरळ कसा ठेवायचा हे मला शिकवू नकोस. साहेब पट्टी लावून बघायचे.”

दोन नावांमधली जागा काकांनी स्पेसबार दाबून दाबून भरली होती. कुठे दोन टिचक्या, कुठे वीस. डोळ्यांना ते रकाने वाटत. पण यंत्राला डोळे नसतात. त्याला सांगावं लागतं, की एक रकाना संपला हे कशावरून ओळखायचं. मी ऐटीत सांगितलं, ‘दोन किंवा त्याहून जास्त मोकळ्या जागा दिसल्या की रकाना संपला समज.’ ‘ऑक’ नावाचं एक जुनं अवजार आहे. प्रत्येक ओळ हातात घेऊन तिचे तुकडे पाडतं आणि म्हणाल ते तुकडे म्हणाल त्या क्रमानं मांडतं. त्याच्या पुढे उभी दांडी मारायची आणि ओळी क्रमानं लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला जोडायचं. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या ओंजळीत. वंशाचंही तसंच असतं म्हणा, फक्त आमच्याकडे दांडी माझ्यापाशी येऊन थांबते.

हे सगळं करायला मी बुधवार पेठेतून नवा कीबोर्ड आणला. पक्षात नवी खरेदी करत नाहीत, त्यामुळे दुकानांत शुकशुकाट. दुकानदार पेपर वाचत होता, मान वर न करता म्हणाला, “पक्ष चालू आहे. माहितीय ना?”

“माहितीय. पितरांच्याच कामाला हवाय.”

“मग मराठी अक्षरांचा घ्या. त्यांना इंग्रजी येत नसणार.”

पहिला मजकूर छापून मी रविवारी सकाळी नारायण पेठेत मालूआत्याकडे गेलो. मालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची. जुनं घर पाडून झालेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटी राहायची. मांजरीहून बस बदलत तिथे जायला माझी सकाळ जायची. पण आठवडाभरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारी तेवढीच होती, आणि तिच्याशी कामाव्यतिरिक्त बोलणारा बहुधा मीच. आम्ही दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, “आलास? बसच्या पासाचे पैसे वसूल करतोस वाटतं.”

त्या दिवशी ती पाटावर बसून गवार मोडत होती. चष्मा लावून तिनं पान हातात घेतलं आणि आपली ओळ शोधली.

“विनू, माझं लग्न कधी झालं?”

मी वाकून पाहिलं. छापलं होतं : ‘मालती. पती : नारायण पेठ.’

“मला कळवायचं तरी,” आत्या म्हणाली. “मी एखादी बरी साडी नेसले असते. पण स्थळ वाईट नाही हो. देणंघेणं मागत नाही, जन्मभर मला सोडून कुठे गेलं नाही, आणि रात्री घोरतं ते गाड्यांमुळे, त्याचा दोष नाही.” मग तिनं वरची ओळ पाहिली. ती माझी होती. “आणि ही तुझी बायको कोण? मांजरी? सून म्हणून मला चालेल. दूध झाकून ठेवीन.”

ती इतकी हसली, की गवारीची ताटली कलंडली. मीही हसलो. पण झालं काय ते मला कळलं होतं. तिच्या ओळीत पतीचा रकाना रिकामा, अपत्यांचा रिकामा. काकांनी तिथे नुसत्या टिचक्या मारल्या होत्या. यंत्राला ती एक लांबच लांब मोकळी जागा दिसली. त्याच्या लेखी तिथे रकाने नव्हतेच. म्हणून पुढचं ‘नारायण पेठ’ घसरत येऊन नवऱ्याच्या जागी बसलं. चूक फक्त एकट्या माणसांच्या ओळींत झाली होती. बायका-मुलांची माणसं आपापल्या रकान्यांत व्यवस्थित होती. एक चुलत आजोबा घर सोडून गेलेले, त्यांच्या पुढे आलं होतं : ‘पत्नी : ठावठिकाणा नाही.’ हे तर जवळजवळ खरंच असावं.

मी तिला हे समजावलं. तिला चटकन कळलं. “म्हणजे निवडायचं, चाळायचं, ओळीनं लावायचं. चाळणीची भोकं चुकली तुझी.”

“आता सोपं आहे. जिथे रिकामं आहे तिथे रेघ घालतो. छोटी आडवी रेघ. मग काही सरकणार नाही.”

“मला रेघ नको.”

“का?”

“उत्तरपत्रिकेत मी रेघ कुठे मारायची माहितीय? मुलानं प्रश्न सोडवायचा राहिला की तिथे. माझं काही सोडवायचं राहिलेलं नाही. रिकामं आहे तर रिकामं ठेव. जागा तेवढी ठेव.” गवार मोडता मोडता, माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, “आणि क्रमांक दे.”

क्रमांकाचं असं होतं, की कुलवृत्तांतात क्रमांक पुरुषांनाच. ज्याला क्रमांक त्याचा वेगळा परिच्छेद : शिक्षण, नोकरी, गाव, स्वभावविशेष. मुलींची नावं वडिलांच्या परिच्छेदाच्या शेवटी ‘कन्या’ म्हणून. लग्न झालेली मुलगी तिच्या सासरच्या पुस्तकात जाते, असा हिशेब. मालूआत्या कुठल्याच पुस्तकात जाणार नव्हती. तिच्या वाट्याला या पुस्तकात एक शब्द होता. तोही माझ्या आजोबांच्या परिच्छेदाची शेवटची ओळ भरायला.

“शाळेत हजेरीपटावर मला क्रमांक होता,” आत्या म्हणाली. “दवाखान्यात मिळतो. बँकेत यंत्रातनं चिठ्ठी निघते. घरातला तेवढा राहिलाय. पुन्हा आवृत्ती निघेल तेव्हा मी नसणार, आणि माझ्यासाठी भांडायला तू असशील की नाही ते माहीत नाही. तुझ्यानंतर तर कुणीच नाही.”

हे तिनं ‘भाजीत गूळ घालू का?’ अशा आवाजात म्हटलं. मी ‘घाल’ म्हटल्यासारखी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. ओसाड मांडव, उतरवलेली दिव्यांची तोरणं, रस्त्यात वाळलेला गुलाल. उत्सव संपल्यावरचं पुणं हे पाहुणे गेल्यावरच्या घरासारखं दिसतं. कुणी भेटलं नाही तरी चालेल, असं म्हणणाऱ्यानं त्या दिवसांत बसनं फिरू नये.

घरी आल्यावर दुपारी मी एक खुळेपणा केला. ‘ग्रेप’ हे अवजार हवा तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या बाहेर काढतं. जुन्या आवृत्तीत ज्याला मूलबाळ नाही त्याच्यापुढे ‘वंश खुंटला’ असं छापायची पद्धत होती आणि काकांनी ते इमानेइतबारे उतरवलं होतं. मी ‘खुंटला’ शोधला. वाटलं, दोनचार निघतील. ओळी वर सरकायला लागल्या त्या थांबेचनात. कुणी कारकून, कुणी वैद्य, कुणी पेशव्यांकडे पंचांग सांगणारा. सगळे खुंटलेले. आयुष्यात प्रथमच एखाद्या कौटुंबिक समारंभात मला कोपऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं नाही. पडदा थांबला तेव्हा खाली कर्सर लुकलुकत होता. शेजारच्या गच्चीत कुणीतरी ‘का का का’ करून कावळ्याला बोलावत होतं. आमच्या इमारती इतक्या उंच झाल्यात, की कावळे बाराव्या मजल्यावर यायला तयार नसतात. ते खाली उसाच्या बांधावर बसून माणसांची गंमत बघतात.

रिकाम्याचा उपाय सापडला. काकांच्या टिचक्या काढून मी प्रत्येक दोन रकान्यांच्या मधे एकेक टॅब घातला. टॅब हे कीबोर्डवरचं असं अक्षर आहे जे दिसत नाही, पण असतं. यंत्राला सांगितलं, की प्रत्येक टॅबला रकाना बदलतो, आत काही असो वा नसो. मग दोन टॅबांच्या मधे काहीच नसलं तरी ती एक जागा धरली जाते. कुणाच्या घरात कुणी घुसत नाही. त्यासाठी रिकामा रकाना असलेली ओळ न् ओळ मला हातानं तपासावी लागली. पुढच्या शनिवार-रविवारी मी आमच्या कुळातल्या सगळ्या एकट्या माणसांना एकेकदा भेटून आलो.

क्रमांकाचं काम त्याहून सोपं होतं. माझ्या हुकमात एक अट होती : ओळ पुरुषाची असेल तरच आकडा वाढव. तेवढी अट पुसली, की जन्माला आलेल्या प्रत्येकाला क्रमांक. पुसायला एक क्षण. पुसली हे बापूकाकांना सांगायला मात्र धैर्य लागणार होतं, आणि ते मला आमच्या कुळाकडून मिळालेलं नाही.

मी आधी सरळ विचारून पाहिलं होतं. फोनवर.

“मुलीचं कुल सासरचं,” काका म्हणाले होते.

“आत्याला सासर नाही.”

“म्हणून आमचं कुल मोडून तिला सासर बांधून द्यायचं का? ठेवतो.”

म्हणून शूर पुरुष करतात ते मी केलं. अट पुसली, सगळा मजकूर छापला आणि सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी कोथरूडला काकांच्या पुढ्यात ठेवून म्हणालो, “काका, एक घोटाळा झालाय. यंत्रानं सगळ्यांनाच क्रमांक दिले.”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “दिले म्हणजे? त्याला कुणी अधिकार दिला?”

“त्याला स्त्री-पुरुष कळत नाही.”

“मग दुरुस्त कर.”

“करता येईल. पण परत रकाने सरकले तर? मागच्या वेळी मालूआत्याचं लग्न नारायण पेठेशी लागलं. यावेळी तुमचं कोथरूडशी लागायचं.”

हे धादांत खोटं होतं. काका यंत्रावर विश्वास ठेवत नसत, पण त्याला भीत. ते पानं उलटायला लागले. पट्टी लावून बघणाऱ्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवणार. आतून काकूनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. एका पानावर काकांचं बोट थांबलं. त्यांच्या दोन बहिणी तिथे होत्या. दोघी गेलेल्या. एक लग्नानंतर लगेच बाळंतपणात, दुसरी परकरी वयात तापानं. पूर्वीच्या आवृत्तीत धाकटी नव्हतीच. काकांनी स्वतःच टाइप करताना तिचं नाव घातलं होतं, नुसतं नाव, पुढे सगळ्या टिचक्या. आता त्या नावाच्या अलीकडे आकडा होता.

“हिलाही दिला?” काकांनी विचारलं.

“हो.”

ते चहा प्यायले, सायीसकट. मग पानं एकसारखी करून, कडा टेबलावर आपटून सरळ करत म्हणाले, “जाऊ दे छापखान्यात. पण प्रस्तावनेत घाल, की यंत्रातील दोषामुळे स्त्रियांनाही क्रमांक पडले आहेत, वाचकांनी क्षमा करावी.”

ते वाक्य पुस्तकात आहे. आमच्या कुळाच्या इतिहासातली एकमेव सुधारणा क्षमायाचनेसकट छापली गेली.

पुस्तक आलं तेव्हा आत्यानं आधी प्रस्तावना वाचली. “दोषामुळे का होईना,” ती म्हणाली. मग तिचा क्रमांक तिनं बोटानं दाबून पाहिला, शाई सुटते का बघावं तसं. तिचा परिच्छेद चार ओळींचा होता. शिक्षिका, गणित, नारायण पेठ, आणि स्वभावविशेषात मी ‘स्पष्टवक्त्या’ लिहिलं होतं, त्यावर ती “भित्रा आहेस” म्हणाली. शेवटी तिनं विचारलं, “माझ्या अलीकडे कोण?”

“मी. बाबा थोरले, म्हणून आधी बाबा, मग त्यांचा मुलगा. मला पुढे कुणी नाही, म्हणून माझ्यानंतर थेट तू.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली. “नाहीतर मांजरी फार लांब पडतं.”

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. झोपेत, कुणाला न कळवता. रविवारी मी दार वाजवत राहिलो, मग शेजारच्यांकडून किल्ली आणली. एवढंच. वर्ष सरलं म्हणून यंदाच्या महालयात तिचं नाव प्रथमच.

वडिलांच्या तिथीला गुरुजी आले. पाट, दर्भ, काळे तीळ, ताम्हन. वडे मी नाक्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणले होते. गुरुजींनी ते न विचारता ओळखलं आणि न बोलता माफ केलं. नावं सुरू झाली. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी. गुरुजींचा आवाज एका लयीत, माझ्या ओंजळीतून पाणी. मग आत्या. नात्याचा संस्कृत शब्द, मालती हे नाव, गोत्र आणि त्याच दमात नवऱ्यासह, मुलांसह अशा अर्थाचे दोन शब्द.

“गुरुजी,” मी म्हटलं, “तिचं लग्न झालेलं नव्हतं.”

ते थांबले. “आत्या म्हटलं, की ते शब्द येतातच हो. पाठ तसा आहे. बरं, गाळतो.”

“गाळू नका.”

“अहो, मग म्हणू का?”

“म्हणूही नका. तेवढं थांबा. त्या दोन शब्दांना जेवढा वेळ लागतो तेवढं नुसतं थांबा आणि मग पुढे चला.”

गुरुजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता पुणेरी काहीतरी ऐकावं लागणार. पण त्यांनी पळी पुन्हा भरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नातं. मालती. गोत्र. आणि थांबले.

कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. माझ्या अंगठ्यावरून पाणी ताम्हनात पडत होतं, तीळ त्याबरोबर सरकत होते. गुरुजींचे ओठ मिटलेले होते, पण ते दोन शब्द मनात म्हणून वेळ मोजत असावेत, कारण बरोबर तेवढ्यानंतर त्यांनी मान हलवली आणि पुढचा मंत्र उचलला.